बीचा सूर आणि ९६ सॅम्पल

तक्रार एका ओळीची होती: क्लीन टोनवर, म्हणजे आवाज फाडणारं डिस्टॉर्शन न लावता, काही सूर ठसठशीत उमटतात आणि काहींचा नुसता पिकचा टक् असा आवाज येतो, मागे अंगच नसतं. डिस्टॉर्शन लावलं की फारसं जाणवत नाही. मॉडेलर, म्हणजे गिटारच्या अँप आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, घेऊन आलेला मुलगा विशीतला. हात चांगला तयार, पण पार वैतागलेला. "दादा, सगळे म्हणतात तुझा उजवा हातच असमान आहे. मेट्रोनोम लावून रोज बसतोय. काही फरक नाही."

माझ्याकडे येण्याआधी बरेच उपाय करून झाले होते. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या नॉइज गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, खाली आणला, मग गेटच काढून टाकला. मोठे आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, लांबवला. अँपच्या ब्लॉकमधला सॅग शून्यावर नेला. इनपुट इम्पीडन्स, म्हणजे इनपुटचा विद्युत रोध, 'ऑटो'वरून काढून १ मेगओहमवर बांधला. तारा नव्या, पिकअपची उंची नव्याने लावलेली. यातलं काहीच वावगं नाही, असमान अटॅकची, म्हणजे सुराच्या असमान सुरुवातीची, ही सगळी खरी कारणं आहेत. गेट उघडायला उशीर झाला तर सुराचं टोक कापलं जातं. सॅग म्हणजे जुन्या ट्यूब अँपमध्ये जोरात वाजवल्यावर व्होल्टेज क्षणभर बसतं त्याची नक्कल; तो जास्त असेल तर सूर आधी दबतो आणि मग फुगतो. पण चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय हे सगळं फर्मवेअर अपडेटच्या सुमारास सुरू झालं होतं, त्यामुळे अपडेटच्या नावानेही खडे फोडून झाले होते. गिटार वाजवणाऱ्यांचा कानापेक्षा स्क्रीनवर जास्त भरवसा बसलाय, हे मला रोज दिसतं आणि रोज खटकतं.

मी त्याला विचारलं, "नेमके कुठले सूर बुडतात?" त्याला सांगता येईना. हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

मग सहाही तारांवर एकेक फ्रेट, सावकाश, प्रत्येक सूर पूर्ण विझेपर्यंत. मी कागदावर खुणा करत गेलो. दुसरी तार मोकळी: बुडाली. तिसऱ्या तारेचा चौथा फ्रेट: बुडाला. चौथ्या तारेचा नववा, पाचवीचा चौदावा: तेच. चारही ठिकाणी एकच सूर, मधला बी, सुमारे २४७ हर्ट्झ. त्याच्या शेजारचे ए शार्प आणि सी हेही अशक्त, तिथून दूर जाल तसे सूर सावरत जाणारे. उलट पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा बी, म्हणजे वरच्या सप्तकातला, अंगावर येईल इतका मोठा.

इथेच गिटार संशयातून सुटली. गिटारीत डेड स्पॉट असतात, विशेषतः बोल्ट लावलेल्या नेकवर. नेक त्या कंपनसंख्येला स्वतःच हलतो आणि तारेची ताकद खाऊन टाकतो. पण डेड स्पॉट तार आणि जागा यांना बांधलेला असतो; तोच सूर दुसऱ्या तारेवर घेतला तर बहुधा नीट वाजतो. हेडस्टॉकला क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर तो सरकतोही. इथे तार बदला, जागा बदला, बुडणारा सूर तोच. दोष लाकडात नव्हता.

हात मात्र अजून सुटला नव्हता, कारण हाताविरुद्ध पुरावा होता. त्याच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं होतं आणि मॉडेलरने यूएसबीवरून प्रक्रिया केलेल्या आवाजाबरोबर ड्राय, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, सिग्नलचा ट्रॅकही दिला होता. ड्राय ट्रॅकच्या वेव्हफॉर्ममध्ये शिखरं खरंच खालीवर होती, काही तर शेजारच्या जवळजवळ दुप्पट उंच. रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते त्याला दाखवून "बघ, तुझा हात" असं म्हटलं होतं.

मी दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावले. ड्रायमध्ये जे सूर सगळ्यांत उंच होते, तेच मॉडेलरमधून बाहेर येताना बुडत होते. प्रत्येक वेळी. हात वाईट असता तर जोरात मारलेला सूर मोठाच ऐकू आला असता. हा मुलगा बुडणाऱ्या सुरांना वर काढण्यासाठी त्यांच्यावर जास्त जोर देत होता आणि हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. ज्याने वेव्हफॉर्म दाखवून हाताला दोष दिला, त्याने खालचा ट्रॅक जोडीला घेऊन तीस सेकंद ऐकलं असतं तरी पुरलं असतं. याचा मला आजही राग येतो.

आता हाताशिवाय तपासणं भाग होतं. संगणकातून साईन वेव्हचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच शुद्ध स्वर, काढला, रीअँप बॉक्समधून गिटारच्या पातळीवर आणून मॉडेलरच्या इनपुटला दिला. आधी अँप आणि कॅब (स्पीकरची नक्कल) बंद ठेवून, म्हणजे त्यांचा रंग मधे येऊ नये. आलेख दिसला आणि मी खुर्ची पुढे ओढली. २५० हर्ट्झला खोल खड्डा, ७५० ला खड्डा, १२५० ला खड्डा, मधे ५०० आणि १००० ला उंचवटे. असे समान अंतरावरचे खड्डे पडले की पहिला संशय एकाच गोष्टीचा घ्यायचा: तोच आवाज दोनदा येतोय, दुसऱ्यांदा जरा उशिरा. हा कोम फिल्टर. पहिला खड्डा २५० ला म्हणजे उशीर २ मिलिसेकंदांचा, कारण तेवढ्या वेळात २५० हर्ट्झची लाट बरोबर अर्धी पुढे गेलेली असते. खात्रीसाठी स्वीपऐवजी एक क्लिक पाठवला. आउटपुटला दोन काटे उभे राहिले, एकमेकांपासून ९६ सॅम्पलवर (सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचं एकेक मोजमाप). सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर बरोबर २ मिलिसेकंद.

अटॅकचं कोडंही इथेच सुटलं. पहिले २ मिलिसेकंद फक्त मूळ आवाज असतो, त्यामुळे पिकचा टक् पूर्ण बाहेर पडतो. मग मागची नक्कल येऊन पोचते आणि बीचा मूळ स्वर खाऊन टाकते. ४९४ हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे त्याच सुरातला दुप्पट कंपनसंख्येचा स्वर, मात्र उलट वाढतो. म्हणून मोकळी दुसरी तार टक् करून पातळ, सप्तक चढल्यासारखी ऐकू यायची. डिस्टॉर्शनमध्ये वरचे हार्मोनिक इतके दाट असतात की मूळ स्वर गेलेला पटकन कळत नाही.

नक्कल कुठून येत होती ते प्रीसेटच्या, म्हणजे साठवलेल्या सेटिंगच्या, नकाशावर दिसलं. कॅबनंतर वाट दुभंगत होती: एक सरळ आउटपुटला, दुसरी एफएक्स लूपमधून (बाहेरचं यंत्र मधे जोडायची सोय) बाहेरच्या डिजिटल रिव्हर्ब (आवाज घुमवणाऱ्या) पेडलला जाऊन परत. त्या वाटेवर आवाज मॉडेलरमधून अॅनालॉग होऊन निघतो, पेडलमध्ये डिजिटल होतो, पुन्हा अॅनालॉग, पुन्हा मॉडेलरमध्ये डिजिटल. दर टप्प्याला थोडा उशीर साठत जातो. समांतर जोडलेल्या पेडलने फक्त रिव्हर्ब परत द्यायचा असतो. हे पेडल त्याच्याबरोबर कोरा आवाजही परत देत होतं. कोरा आवाज अडवणारं 'किल ड्राय' हे सेटिंग बंद होतं.

"हे तू बंद केलंस?" तर नाही. फर्मवेअर अपडेट मॉडेलरचं आणि पेडलचं एकदमच केलं होतं, आणि नंतर पेडलला फॅक्टरी रीसेट दिला होता. किल ड्राय प्रीसेटमध्ये साठत नाही, ग्लोबल मेनूत असतं, ते रीसेटबरोबर गेलं. ज्या एका सेटिंगवर पेडल समांतर वाटेत चालणार की नाही हे ठरतं, ते मॅन्युअलच्या शेवटाकडे एका ओळीत उरकलेलं. ही यंत्रं बनवणाऱ्यांना आवाजाची जाण उत्तम असते, पण रात्री कार्यक्रमाआधी घाईने मेनू चाळणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

किल ड्राय चालू केलं. स्वीप सपाट आला. मी त्याला वाजवायला सांगितलं.

आणि आता प्रत्येक बी उसळून बाहेर आला. हात अजून जुन्या दोषाशीच झुंजत होता. त्याने दोनतीनदा वाजवून पाहिलं, हात थांबवला आणि विचारलं, "म्हणजे आता खरंच माझा हात असमान आहे?" मी हो म्हणालो, कारण ते खरं होतं. आणि हेही सांगितलं की तो तसा होण्याचं कारण त्याचा कान चांगला आहे. बुडणारा सूर ऐकू आला नसता, तर हाताने जोर लावलाच नसता. काही दिवस मॉडेलरशिवाय, नुसत्या तारांचा आवाज ऐकत वाजव, आणि ड्राय ट्रॅक रेकॉर्ड करून शिखरं बघ, असं सुचवलं.

त्याच्या हाताची मला काळजी नाही, तो सुधारेल. अडकलं आहे ते रेकॉर्डिंग. ड्राय ट्रॅक असल्यामुळे दुरुस्त सेटिंगमधून सगळं पुन्हा काढता येतं, पण त्या ट्रॅकमध्ये त्याचे ते जोरात मारलेले बी कायमचे आहेत. तसंच काढलं तर ते टोचतात. एकेका सुराची पातळी खाली ओढली तर मोजमाप जुळतं, पण जोरात ओढलेल्या तारेचा आवाज वेगळाच असतो, पिकचा घाव जास्त, सुरुवातीला स्वर किंचित चढा. पातळी उतरवून तो मऊ होत नाही. मी दोन्ही प्रकारे एकेक गाणं करून पाठवलं, आणि जुनं, खड्ड्यांसकट, तिसरं. बँडमधल्या दोघांना जुनंच बरं वाटतंय. त्याला सगळं नव्याने वाजवायचंय. स्टुडिओची तारीख अजून ठरलेली नाही.