५२ वजा २७ आणि माझे सुट्टे पैसे

आज सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधून डोकं आउट होऊन घरी आलो तर पोट्टा होमवर्क घेऊन रडून राहिला होता. दुसरीत आहे. ५२ वजा २७, उत्तर लिहिलं ३५. मी आधी ओरडलोच, खोटं काहून सांगू, मग बायको किचनमधून म्हणे, अहो त्याला विचारा तर कसं केलं.

विचारलं. म्हणे बाबा दोनातून सात जात नाही ना, म्हणून सातातून दोन काढले. घ्या! म्हणजे वजाबाकी येते, फक्त दशक सुटा करायचा राहिला, अन् मी आपला "हातचा घे, हातचा घे" करून राहिलो जे त्याला कळतच नव्हतं. मग दहाच्या पाच नोटा अन् दोन कॉइन त्याला दिले, मी दुकानदार, सत्तावीसची संत्री (या भावात नागपुरात पण मिळत नाही, जाऊ द्या). त्यानं दोन नोटा अन् दोन्ही कॉइन दिले, थांबला, अन् स्वतःच म्हणे, एक नोट सुट्टी करून दे ना.

आणि बावन्न म्हटलं की कधी कधी २५ लिहितो, कारण ऐकू आधी दोनच येतात ना बापा. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नसाठी "पन्नास दोन" आलं तेव्हा मीच व्हॉट्सअ‍ॅपवर जोक फॉरवर्ड करत होतो.

बाकीची त्यानं केली, एक चुकलं ते तसंच ठेवलं, मॅडमला पण दिसू दे. सुट्टे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.