रायफलची नळी किती इंचांची असावी?

मुंबईत वाढलेल्या माणसाने रायफल पाहिलेली असते ती बहुधा दोनच ठिकाणी: रेल्वे स्थानकावरच्या हवालदाराच्या खांद्याला लटकलेली थ्री नॉट थ्री, नाहीतर कॉलेजच्या एनसीसीत हाती पडलेली पॉइंट टू-टू. त्यांची नळी किती लांब असावी हे दुसऱ्याच कोणी तरी ठरवून ठेवलेले असते, त्यामुळे तो प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. न्यूझीलंडमध्ये शिकारीची रायफल घ्यायला गेले तेव्हा मात्र दुकानदाराने परवाना तपासून झाल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला. समोरच्या फळीवर १६ इंचांपासून २६ इंचांपर्यंतच्या नळ्या उभ्या होत्या. (हा देश मीटर-किलोचा असला तरी नळी मात्र इंचांतच मोजली जाते.)

मुंबईकर वाचकांसाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेच्या शिकारीला जागा उरलेली नाही, आणि ते योग्यच आहे. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी येथला मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आणलेली रेड डिअर जातीची हरणे आणि मूळचे आपल्या हिमालयातले, पण १९०४ मध्ये इंग्लंडमार्गे येथे येऊन पोहोचलेले ताहर (रानबोकडासारखे प्राणी) जंगलातली कोवळी रोपे आणि डोंगरावरचे गवत फस्त करतात, म्हणून सरकारी संरक्षित जमिनीवरही त्यांच्या शिकारीचा परवाना विनाशुल्क मिळतो. बंदुकीचा परवाना पोलीस देतात, आणि तो इतका सहज मिळत नाही.

आता नळीकडे वळू. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू क्षणार्धात पेटते, तिच्या वायूचा दाब पहिल्या काही इंचांतच कमाल पातळी गाठतो आणि तिथून पुढे उतरत जातो. दाब उतरत असला तरी तो गोळीला ढकलतच असतो, त्यामुळे नळी जितकी लांब तितका गोळीचा वेग वाढतो. फक्त प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा थोडी कमी भर घालतो. हे प्रमाण काडतुसावर अवलंबून असते. पॉइंट ३०८ विंचेस्टर या येथल्या सर्वांत रुळलेल्या काडतुसात साधारण तीन ग्रॅम दारू असते आणि तिला ७.८ मिलिमीटर रुंदीची वाट मिळते. सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम या अधिक जोराच्या काडतुसात चार ग्रॅमांहून अधिक दारू असते आणि वाट उलट अरुंद, ७.२ मिलिमीटरची. अधिक वायूला अरुंद वाटेतून पसरायचे असल्यामुळे मॅग्नमला लांबी लागतेच. म्हणून नळीचा एक इंच कमी केला की पॉइंट ३०८ चा वेग सेकंदाला सहा ते आठ मीटरने घटतो, तर मॅग्नमचा नऊ ते बारा मीटरने. हे आकडे ढोबळ आहेत, कारण एकाच कारखान्यातल्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांतही थोडा फरक पडतो.

हा तोटा प्रत्यक्षात किती जाणवतो, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. २४ इंची नळीतून पॉइंट ३०८ ची १५० ग्रेन (सुमारे पावणेदहा ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने निघते. तीच १८ इंची नळीतून साधारण ८१५ मीटरने निघेल. दोन्ही रायफलींचा नेम २०० मीटरवर बसवला, तर ३०० मीटरवर छोट्या नळीची गोळी मोठ्या नळीच्या गोळीपेक्षा जेमतेम तीन सेंटिमीटर खाली लागते. रेड डिअरच्या हृदय-फुप्फुसांचा भाग वीस सेंटिमीटरहून मोठा असतो, तेव्हा त्या तीन सेंटिमीटरांची चिंता करण्याचे कारण नाही. खरा फरक लांबच्या अंतरावर पडतो. शिकारीच्या बहुतेक गोळ्यांना शरीरात शिरल्यावर नीट फुलण्यासाठी सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास तरी वेग उरलेला लागतो, आणि सहा इंच कापल्यामुळे ती मर्यादा साठ-सत्तर मीटर अलीकडे येते. ज्याला मुळात दीडशे मीटरपलीकडे गोळी झाडायचीच नाही, त्याचे यात काहीच बिघडत नाही.

मी बहुतेक वेळा उत्तर बेटावरच्या डोंगरांत जाते. तिथल्या दाट रानात हरीण दिसते तेच चाळीस-पन्नास मीटरवर, आणि तेही क्षणभर. पाऊस पडून गेलेला असतो, पायांखाली शेवाळलेली मुळे असतात, वेली अंगाला गुंडाळत असतात आणि खांद्यावरच्या रायफलचे टोक डोक्याच्या वर दर फांदीला अडते. दादरला गर्दीच्या वेळी पडद्याचा लांब दांडा घेऊन लोकलमध्ये शिरणाऱ्याची जी अवस्था होते, तीच येथे होते. ताहरच्या शिकारीला दक्षिण बेटावरच्या उघड्या कड्यांवर जाणाऱ्याला ही अडचण नसते. तिथे एका धारेवरून समोरच्या धारेवर नेम धरावा लागतो, आणि २४ इंची मॅग्नम आपला भार सार्थ करते. वजनाचा मुद्दा मात्र लोक थोडा फुगवून सांगतात. बारीक नळीचा एक इंच पोलाद तीसएक ग्रॅमच्या आतच असते. जाणवते ते वजन नव्हे, तर ते रायफलच्या अगदी पुढच्या टोकाला असणे.

या हिशेबात न्यूझीलंडमध्ये एक गोष्ट धरावीच लागते, ती म्हणजे सप्रेसर, नळीच्या तोंडावर चढवायचे आवाज दाबणारे नळकांडे. सिनेमातल्या सायलेन्सरमुळे आपल्याकडे हा शब्द गुन्हेगारीशी जोडला गेला आहे. येथे शिकाऱ्याच्या रायफलवर तो सर्रास दिसतो. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो आणि १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते. नळी लहान केली की वायू अधिक दाबाने बाहेर पडतो, त्यामुळे धमाका आणि तोंडाशी दिसणारा भडका, दोन्ही वाढतात. सप्रेसर ते बऱ्याच अंशी आवरतो, पण नळीच्या पुढे कित्येकदा सहा इंच वाढवतो. म्हणजे २४ इंची नळीवर तो चढवला की हातात तीस इंच येतात. येथले अनेक शिकारी नळी अठरा किंवा त्याहून कमी इंचांवर कापून घेतात, ते या बेरजेमुळे.

माझा धाकटा भाऊ वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करतो. गेल्या वेळी मुंबईला आले तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "ताई, लांब नळी म्हणजे पक्का नेम. उगाच कापून ठेवू नकोस." त्याच्या खेळापुरते त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण कारण निराळे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर प्रकारात दुर्बीण चालत नाही. नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या पुढच्या आणि मागच्या माशीत जितके अंतर जास्त, तितकी नेमातली चूक लवकर ध्यानात येते. भावानेच मला एका रायफलच्या टोकावर बसवलेला जोड दाखवला: नुसती पोकळ नळकांडी, आत गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, गोळीचा स्पर्शही नाही, वर फक्त पुढची माशी. गोळीला त्या लांबीचा काहीच उपयोग नव्हता. पॉइंट टू-टूचे चिमूटभर दारूचे काडतूस सोळा इंचांच्या आसपासच आपला जोर संपवते. दुर्बीण लावली की हा फायदा उरत नाही. उलट तेवढ्याच जाडीची नळी आखूड असेल तर ती अधिक ताठ असते, कारण टोकाचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: २४ ऐवजी १८ इंच घेतले तर तोच जोर लागल्यावर टोक निम्म्याहूनही कमी हलते.

कापून घेणार असाल तर मोजमाप नीट समजून घ्या. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) बंद करायचा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत आत सोडायची आणि तोंडाशी खूण करायची. ती लांबी म्हणजे नळीची लांबी, त्यात काडतूस बसते तो भागही आला. काम लेथवर, जाणत्या कारागिराकडूनच व्हावे, कारण गोळी सुटते त्या कडेवर बारीकसा ओरखडा राहिला तरी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि नेम बिघडतो. शिवाय न्यूझीलंडच्या कायद्यात ७६२ मिलिमीटरपेक्षा कमी एकूण लांबीची बंदूक पिस्तुलात मोडते आणि पिस्तुलाचे नियम फार कडक आहेत. दस्ताही आखूड असेल तर कापण्यापूर्वी ही बेरीज करावीच.

मी पॉइंट ३०८ घेतली, १८ इंची, सप्रेसरसह. मॅग्नम घेणाऱ्याने २४ च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे, कारण तेवढी दारू जाळून, तेवढा धक्का खांद्यावर झेलून शेवटी पॉइंट ३०८ च्या जवळपासचाच वेग पदरात पाडून घ्यायचा, तर मुळात पॉइंट ३०८ च का घेऊ नये? भावाला हे अजून पटलेले नाही.