तेझेच्या टेकडीवरून आणलेली भाकर

माकोंहून निघालेली बस क्लूनी मागे टाकून फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या टेकड्यांमधून जात होती. तेझे गावाशी उतरले तेव्हा घंटा वाजत होत्या आणि पाठीवर बॅगा घेतलेली शेकडो तरुण मंडळी एकाच दिशेने चालली होती. मीही त्यांच्यामागे गेले.

इथलं चर्च, म्हणजे समेटाचं मंदिर, बाहेरून अगदी साधं आहे. आत बाकं नाहीत, सगळे जमिनीवर बसतात. पुढे केशरी कापडं, असंख्य मेणबत्त्या आणि मधोमध पांढऱ्या झग्यांतले बंधू, म्हणजे इथले मठवासी. त्यांच्यात कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंटही आहेत. प्रवचन होत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, ती हळूहळू आपल्या श्वासात मिसळते आणि मग आठ-दहा मिनिटं शांतता. त्या पहिल्याच शांततेत मला माझी मैत्रीण आठवली.

तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून आमच्या मंडळीत फूट पडली. लहान बाळांना द्यावा की नाही, यावरून लोकांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं. ती तिकडे गेली, मी इकडे राहिले. गेल्या वर्षी तिचे पती प्रभूत निजले. मी दफनविधीला गेले, मागे बसले आणि तिला न भेटता निघून आले. वादासाठी लागणारी सगळी वचनं मला पाठ होती, पण तिचा हात हातात घेणं जमलं नाही.

दुपारी गावातल्या जुन्या चर्चजवळ, या बंधूंचा समुदाय सुरू करणाऱ्या ब्रदर रॉजर यांच्या कबरीपाशी बसले होते. साधा लाकडी क्रूस, भोवती फुलं. 1940 साली हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलने इथे आला. त्याच्या आजीने पहिल्या महायुद्धात निर्वासितांना घरात घेतलं होतं. निदान ख्रिस्ती लोकांनी तरी आपसात समेट करावा, म्हणजे पुन्हा युद्ध होणार नाही, अशी तिची तळमळ होती. नातवाने इथे घर घेतलं आणि जर्मनांपासून पळणाऱ्यांना आसरा दिला, त्यांत ज्यू लोकही होते. 1942 मध्ये जिवावर बेतलं म्हणून त्याला जावं लागलं. 1944 मध्ये तो परतला, या वेळी सोबत पहिले बंधू होते. आणि मग जे घडलं, ते मला सर्वांत मोठं वाटतं: युद्ध संपल्यावर जवळच्या छावण्यांत जर्मन कैदी होते, तर या बंधूंनी परवानगी काढून रविवारी त्यांना घरी बोलावलं. होतं त्यातलं खायला दिलं, त्यांच्यासोबत प्रार्थना केली. कालच्या शत्रूसाठी तेच दार, तेच टेबल! पुढे 1962 मध्ये उभं राहिलेलं ते मंदिर बांधायलाही जर्मन तरुणच आले, युद्धातल्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून.

ब्रदर रॉजर यांचा शेवट मात्र आठवला की अजून पोटात तुटतं. 16 ऑगस्ट 2005 रोजी, सायंप्रार्थना चालू असताना, एका मनोविकारग्रस्त बाईने त्यांना भोसकलं. वय नव्वद. घंटा मात्र आजही दिवसातून तीनदा वाजतात.

माझ्या वाट्याला भांडी घासायचं काम आलं. भलीमोठी पातेली, शेजारी एक ऑर्थोडॉक्स मुलगा आणि एक कॅथलिक नन. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांचे पंथ विचारले, दुसऱ्या दिवसापासून एकमेकांच्या आईवडिलांची तब्येत विचारू लागलो.

शुक्रवारी रात्री वधस्तंभाचं चित्र जमिनीवर आडवं ठेवतात. एकेक जण गुडघ्यांवर पुढे येतो, त्यावर कपाळ टेकतो, मनातलं ओझं तिथे ठेवतो. माझी पाळी यायला बराच वेळ लागला आणि मला ते बरंच वाटलं. कपाळ टेकलं तेव्हा प्रार्थनेचे शब्द सुचले नाहीत, फक्त मैत्रिणीचं नाव घेतलं.

रविवारच्या उपासनेत प्रभुभोजन झालं, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. ते मला घेता आलं नाही, आणि ही गोष्ट गोड करून सांगावीशी वाटत नाही. ख्रिस्ताने आपल्या लोकांच्या ऐक्यासाठी प्रार्थना केली, तरी त्याच्या मेजाशी आम्ही अजून वेगवेगळे आहोत. इथेही ते दुखतं. जे प्रभुभोजन घेत नाहीत त्यांच्यासाठी आशीर्वादित भाकरीची टोपली होती. मी एक तुकडा घेतला. अर्धा तिथेच खाल्ला.

उरलेला अर्धा रुमालात बांधून आणलाय. वाळून कडक झालाय, कडेने चुरा पडतोय. मैत्रिणीला काल फोन केला. बराच वेळ दोघीही बोललो नाही, मग ती म्हणाली, "ये गं." उद्या सकाळी निघतेय.