आर्नो आणि मुन्योने जिथे मिळतात

उफिझी या चित्रसंग्रहालयाची दुपारी दोनची तिकिटं आम्ही वाया घालवली. माणशी २५ युरो. बोत्तिचेल्लीची चित्रं बघायची राहिली आणि ह्यांना त्याची हळहळ अजून आहे. मला नाही. रोम दोन दिवसांत पायाखाली घालून झालं होतं, फ्लॉरेन्सच्या वाट्याला सप्टेंबरातला एकच मंगळवार आला, आणि तो मी कोल्हापूरच्या एका विशीतल्या मुलासाठी राखून ठेवला होता.

सकाळी मात्र सगळे जातात तिथेच गेलो, डुओमो या इथल्या मुख्य चर्चसमोर. गर्दी इतकी की चौकात उभं राहायला जागा नाही, आणि त्यातले निम्मे लोक चर्चकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. मला याचा खरोखर राग येतो. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांवर विटा चढवत हा घुमट वर नेला. त्याच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघायला काय हरकत आहे? घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत. आम्ही चढलो नाही. माझं लक्ष समोरच्या पांढऱ्या-हिरव्या-गुलाबी संगमरवरी भिंतीकडे होतं. ज्या भिंतीचे एवढे फोटो निघतात ती १८८७ साली पुरी झाली. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं डुओमोचा दर्शनी भाग उघडाबोडका होता. मायकेलॲंजेलोचा डेव्हिडचा पुतळाही १८७३ पर्यंत बाहेर चौकात ऊनपाऊस सोसत उभा होता, आता तो ॲकॅडेमिया संग्रहालयात आत आहे. सकाळभर माझ्या मनात हाच हिशेब चालू होता, की १८७० च्या नोव्हेंबरात इथे काय होतं आणि काय नव्हतं.

कारण त्या नोव्हेंबरात इथे आमचे राजाराम महाराज होते.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात मी तीन वर्षं शिकले. राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे यजमान, हे मी न विचारताच गृहीत धरलं होतं. कॉलेज १८८० चं आणि नाव दुसऱ्याच राजारामांचं, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. याची मला लाज वाटली, आणि इथे यायचं तेव्हाच ठरवलं. हे राजाराम दत्तक आलेले. १८६६ साली गादीवर बसले तेव्हा वय सोळाच्या आसपास. १८७० मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, प्रवासाची रोजनिशी ठेवली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समधल्या एका हॉटेलात त्यांनी प्राण सोडला. घर अजून कितीतरी दूर होतं.

तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं. रोम नुकतंच हाती आलं होतं, कारभार अजून तिकडे हलला नव्हता. अशा शहरात एका हिंदू राजाला अग्नी द्यायचा होता. दहनाची तेव्हा तिथे पद्धत नव्हती, कायद्यात सोय नव्हती. खास परवानगी काढावी लागली. बरोबरच्या माणसांनी जागा शोधली तीही संगमाची: काशिने बागेच्या पार टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे. परक्या मुलखात, डिसेंबरच्या तोंडावरच्या थंडीत, रात्रीच्या वेळी ही माणसं दोन नद्या कुठे मिळतात ते विचारत फिरली असतील. मी पंचगंगेच्या घाटावर खेळत मोठी झाले. त्यांनी संगमच का शोधला, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

स्टेशनवरून ट्राम घेतली आणि काशिनेच्या थांब्यावर उतरलो. बागेत मंगळवारचा बाजार भरला होता. चपला, पडदे, चादरी, भाज्या, ओरडणारे विक्रेते. डुओमोच्या चौकापेक्षा मी इथे कितीतरी मोकळी झाले. ही बाग म्हणजे पूर्वी इथल्या मेदिची राजघराण्याची गुराढोरांची शेती होती. बाजार संपला तशी माणसं विरळ झाली. नुसती झाडं, सायकलवाले, डाव्या हाताला मंद वाहणारी आर्नो. पुढे अडीच-तीन किलोमीटर चालायचं होतं. "एवढ्या लांब कशाला ठेवलंय?" हे म्हणाले. ठेवलं नाहीये हो, नदीच तिथे मिळते.

आणि मग झाडांमधून छत्री दिसली.

मी थांबलेच. चार खांबांवरची, आपल्याकडे समाधीवर असते तशी छत्री, आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. डोक्यावर पागोटं, अंगावर दागिने, चेहरा कोवळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने केला, स्मारक १८७४ मध्ये उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरकरांना हे नाव ठाऊक असेल, आपला नवा राजवाडा त्यानेच आखला. म्हणजे नव्या राजवाड्याआधी त्याच्या हातून आपल्या राजघराण्यासाठी ही छत्री झाली. स्मारकावर कोरलेल्या लेखात लिहिलंय की महाराज गेले ते इंग्लंडहून कोल्हापूरला परतताना, वयाच्या एकविसाव्या वर्षी. माझा धाकटा यंदा एकवीस पुरा करील.

शेजारीच उंच मनोऱ्याचा, तारांनी तोललेला पूल आहे. १९७८ साली झालेला. त्याचं नाव 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे इंडियनापाशी असलेला पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि सगळ्यांच्या तोंडी 'इंदियानो' असतो. महाराजांचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन बसले होते. मी बराच वेळ हात जोडून उभी होते ते त्यांनी पाहिलं असावं. पुतळ्याकडे, मग माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "इंदियाना?" मी मान हलवली आणि पुतळ्याकडे दाखवून सांगितलं, "राजाराम. कोल्हापूर." त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिले. 'राजाराम' स्वच्छ आला, र वर जरा जास्तच जोर देऊन. इटालियनमध्ये ह उच्चारत नाहीत, म्हणून पुढे म्हणाले, "कोलापुर." पुन्हा एकदा म्हणाले, आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले.

मग आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुढे झाले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "महाराज, कोल्हापुरातनं आलोय."

ह्यांनी चमकून बघितलं. लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून मी 'आले, गेले' बोलते. कोल्हापूरच्या बायकांचं 'आलो, गेलो' माझ्या तोंडून ह्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी काही न बोलता घड्याळ पुढे केलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "बसा हो थोडं." आणि आम्ही दोघं मुन्योनेच्या बाजूला तोंड करून बसलो.