भिंतीवरच्या सपाता

इटलीतल्या मासेर गावच्या व्हिला बार्बारो या जुन्या हवेलीत शिरताना मी सवयीने बूट काढायला वाकले. दारातल्या बाईंनी हातानेच थांबवलं आणि फेल्टच्या ढगळ सपाता पुढे केल्या. बूट काढायचे नाहीत, त्यांच्यावरच या चढवायच्या! मग पाय न उचलता, फरफटत चालायचं. पाहुणे फिरतात, फरशी आपोआप पुसली जाते. घरमालकांची अक्कल मानायला हवी.

हो, मालक अजून इथे राहतात. म्हणून काही दारं आपल्याला बंद. व्हेनिसजवळ, आसोलोच्या टेकड्यांपाशी हे घर वास्तुकार पाल्लादिओने १५६० च्या आसपास दानिएले आणि मार्कांतोनिओ या बार्बारो भावांसाठी बांधलं. १९९६ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण भोवती द्राक्षमळे आहेत आणि वाइनही घरचीच.

देवळासारखा दर्शनी भाग पाहून हात जोडावेसे वाटतात. पण बाजूच्या कमानींमागे धान्य आणि अवजारं, टोकांना वर कबुतरखाने! मागच्या टेकडीतल्या झऱ्याचं पाणी आधी माशांच्या तळ्यात, मग स्वयंपाकघरात, तिथून बागेला. आमच्या कोकणातल्या कुठल्याही आजोबांनी हा पाटाचा हिशेब बिनतक्रार पास केला असता.

व्हेनिसची व्यापारी घराणी शेतीकडे का वळली? कारणं बरीच, पण एक आपल्या किनाऱ्यावरचं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, मिरीला दुसरी वाट सापडली आणि समुद्राचा जुना भरवसा उरला नाही. गोव्यात वास्को स्टेशनवर इतक्यांदा उतरले, हे कधी मनात आलं नव्हतं.

आतल्या भिंती चित्रकार व्हेरोनेझेने रंगवल्या. खोटे खांब, खोटी दारं, त्यातून डोकावणारी छोटी मुलगी. वर सज्जात घरची बाई, शेजारी म्हातारी दाई. पाल्लादिओने १५७० च्या आपल्या ग्रंथात या घराचं वर्णन केलं, पण व्हेरोनेझेचं नावही घेतलं नाही. खऱ्या भिंती बांधणाऱ्याला हे खोटे खांब झोंबले असावेत, असा माझा आपला तर्क.

आणि एका ठिकाणी सपाता. कुणी आत्ताच काढून ठेवल्यासारख्या, शेजारी ब्रश. त्याही रंगवलेल्याच. चित्रकार विसरून गेला, असं वाटावं म्हणून. मी फरफटत दोनदा परत जाऊन त्या पाहून आले.

बाहेर पडताना सगळे आपापल्या फेल्टच्या सपाता टोपलीत भिरकावत होते. मी माझी जोडी दाराशी नीट लावून ठेवली. बाईंनी ती उचलून टोपलीत टाकली.