आमची वाटचाल: पिशवीतून टाकीपर्यंत

सुरुवातीला आम्ही घरच्या टाकीत पाळायचे समुद्री मासेच फक्त विकायचो. श्रिंप, म्हणजे पाळायच्या शोभेच्या कोळंब्या, नंतर आल्या, त्याही ग्राहकांनी हट्ट धरला म्हणून. क्लीनर श्रिंप दगडाच्या कडेवर बसून लांब पांढऱ्या मिशा हलवते, एखादा टँग मासा तिच्यापुढे येऊन तिरका उभा राहतो आणि ती त्याच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी वेचून खाते. हे ज्याने एकदा पाहिलं, तो श्रिंप घेतल्याशिवाय जात नसे. पेपरमिंट, लाल फायर श्रिंप, पट्ट्यापट्ट्यांची कोरल बँडेड अशी एकेक जात वाढत गेली.

आणि फोन येऊ लागले. सगळ्यांची तक्रार सारखीच: "काल सोडली तेव्हा छान चालत होती, आज सकाळी आडवी पडलेली दिसली." त्याच पार्सलमधले मासे मात्र ठणठणीत असायचे. मालच कमजोर येतोय असं समजून आम्ही पुरवठादार बदलला. काही फरक पडला नाही. त्या दिवसांत प्रत्येक फोन उचलताना पोटात गोळा यायचा, कारण समोरच्याने किती हौसेने ती श्रिंप नेली होती हे आम्हाला माहीत असायचं.

शेवटी माझ्या बायकोने एक वही घातली. चार रकाने होते: आमच्या पाण्याचा खारेपणा, ग्राहकाच्या टाकीचा खारेपणा, पिशवीत गेलेले तास आणि तिसऱ्या दिवशी श्रिंप कशी आहे. दुसऱ्या रकान्यासाठी लोकांना फोन करून मापं विचारावी लागली, काहींनी तर त्या निमित्ताने पहिल्यांदा माप घेतलं. वही निम्मी भरायच्या आतच उत्तर समोर आलं. दोन्ही पाण्यांत फरक थोडा होता तिथल्या श्रिंप जगल्या होत्या, फरक मोठा होता तिथल्या गेल्या होत्या.

चूक आमच्याच टाक्यांमध्ये होती. या धंद्यातले बरेच जण ठेवतात तसं आम्हीही विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता, यावरून खारेपणा कळतो) 1.020 च्या आसपास ठेवायचो. मीठ कमी लागतं आणि मासे ते निभावून नेतात. प्रवाळ असलेली टाकी मात्र 1.025 ते 1.026 वर असते. म्हणजे आमच्याकडे हजार भागांत साधारण 27 भाग क्षार आणि ग्राहकाकडे 35. प्रवाळाच्या रीफवरच्या श्रिंपला समुद्रात खारेपणा जवळजवळ स्थिर मिळतो, अशा उडीची तिला सवयच नसते. पाणी अचानक खारं झालं की तिच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसेलच असं नाही, श्रिंप काही तास चालते, खातेसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी मरते. म्हणून तर सगळे फोन दुसऱ्या सकाळी यायचे.

मग आम्ही प्रत्येक ग्राहकाला थेंबपद्धत, म्हणजे श्रिंपला टाकीच्या पाण्याची हळूहळू सवय लावणं, शिकवायला लागलो. टाकीच्या हवेच्या पंपाला लावतात तशी बारीक नळी घ्यायची, तिला छोटा व्हॉल्व्ह लावायचा किंवा सैल गाठ मारायची, आणि टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने श्रिंपच्या डब्यात सोडायचं. पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून पुन्हा चालू करायचं. घड्याळाकडे बघून थांबायचं नाही, डब्यातला आणि टाकीतला खारेपणा एक झाला की थांबायचं. दुकानातून थेट घरी नेणाऱ्यांच्या श्रिंप यामुळे खरोखर जगू लागल्या.

कुरिअरने जाणाऱ्या मात्र तरीही मरत होत्या, आणि हे कोडं सुटायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. बंद पिशवीत श्रिंपच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. अमोनियाही साठतो, पण कमी पीएचला त्याचा जवळजवळ सगळा भाग अमोनियम या फारशा अपाय न करणाऱ्या रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वर आपण थेंबाथेंबाने 8.2 पीएचचं पाणी घालत असतो. पीएच चढतो तसतसा अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. 7 च्या तुलनेत 8.2 ला विषारी वाटा दसपटीहून जास्त होतो. म्हणजे ग्राहक आमचं ऐकून दोन-दोन तास श्रिंपला त्याच पाण्यात ठेवत होता आणि तेच तिला मारत होतं. हे समजलं त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून जुळवणी आम्ही आमच्याकडेच करतो. ऑर्डर आली की आधी ग्राहकाच्या टाकीच्या खारेपणाचं माप मागवतो आणि श्रिंपला काही दिवसांत हळूहळू त्याच खारेपणावर आणून मगच पाठवतो. पोहोचल्यावर तिने फक्त तापमानाशी जुळवून घ्यायचं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, उघडून माप ताडून बघायचं आणि श्रिंप लगेच टाकीत सोडायची. जाळीत मिशा आणि पाय अडकून तुटतात, म्हणून छोट्या कपाने उचलायची. पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. दिवे त्या दिवशी बंदच ठेवायचे.

मापाबद्दल आम्ही थोडे हटवादी आहोत. खारेपणा मोजायच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटले की आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसतो. प्रकाशाच्या वळण्यावरून खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवत असला तरी 35 वर चुकू शकतो, तो 35 च्या प्रमाण द्रावणावरच तपासायला हवा. चुकीच्या आकड्याशी जुळवणी केली तर आमची सगळी मेहनत वाया जाते.

टाकी नवी असून तिच्यातले अमोनिया, नायट्राइट हे विषारी घटक शून्यावर आले नसतील तर आम्ही ऑर्डर पुढे ढकलतो. पूर्वी तांब्याचं औषध घातलेल्या टाकीसाठी श्रिंप देतच नाही. माशांना बरं करणारं तांबं श्रिंपचा जीव घेतं, आणि ते दगडात मुरून राहतं. हॉकफिश किंवा ट्रिगर असे श्रिंप खाणारे मासे पाळणाऱ्यांनाही नाही म्हणतो. यामुळे काही ग्राहक गेले, त्याला इलाज नाही.

फोन आजही येतात. "मेली" म्हणून कोणी फोटो पाठवतो आणि त्यात पाठीवर फाटलेलं, आरपार दिसणारं पोकळ कवच असतं. प्रवासानंतर श्रिंप अनेकदा कात टाकते. नवं कवच मऊ असतं, ते घट्ट होईपर्यंत ती एक-दोन दिवस दगडाआड दडून बसते. आम्ही सांगतो, शोधायला दगड हलवू नका. मग दोन दिवसांनी त्याच माणसाचा दुसरा फोटो येतो, मिशा बाहेर काढून बसलेल्या श्रिंपचा. वहीत आता त्यासाठी पाचवा रकाना आहे: कात कधी टाकली.