बरोबरीचा डाव, चार वेळा उलटलेला : हत्ती-प्याद्याच्या एंडगेमची नोंद

सध्या बुद्धिबळात माझा सगळा अभ्यास हत्तींच्या एंडगेमवर, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या डावाच्या शेवटच्या टप्प्यावर, चाललाय. या वेळी पुस्तकाऐवजी आमच्या क्लबातलाच एक डाव हाती घेतला. खेळणारे दोघेही माझे मित्र, स्कोअरशीट त्यांनीच दिली. डाव बरोबरीत सुटला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या : "काही नव्हतंच त्यात." बरंच काही होतं.

ओपनिंग आणि मधला खेळ सोडून देतो, तिथे फारसं घडलं नाही. पटावर पाचच सोंगट्या उरल्या तिथून बघा (घरांची नावं : उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८). पांढरा : राजा एफ३, हत्ती ए८, प्यादं ए६. काळा : राजा जी७, हत्ती ए१. चाल काळ्याची.

इथे काळ्याला बरोबरी सरळ मिळते. हत्तीने एफ१ वर शह द्यायचा आणि राजा हलला की हत्ती एफ६ वर आणायचा. हीच ती वान्चुराची पद्धत. वान्चुरा हा चेक अभ्यासक १९२१ मध्ये तरुणपणीच गेला आणि त्याची ही रचना १९२४ मध्ये छापून आली. हत्ती बाजूने ए६ वर नजर ठेवतो, त्यामुळे पांढऱ्याचा हत्ती ए८ वरून हलू शकत नाही. राजा प्याद्याच्या मदतीला आला की बाजूनेच शह सुरू. प्यादं ए७ वर ढकललं तर काळा हत्ती लगेच त्याच्या मागे, ए६ वर.

काळ्याने यातलं काहीच केलं नाही. राजा एच७, परत जी७, पुन्हा तेच. तेवढ्यात पांढरा राजा ई४, डी५ करत सी५ वर पोचला. आता चाल पांढऱ्याची, आणि डाव जिंकलेला.

जिंकणारी चाल राजा बी६. काळ्याने बी१ वर शह दिला की राजा ए७ वर, म्हणजे आपल्याच प्याद्याच्या पुढे जाऊन लपतो. मग हत्ती बी८ वर सुटतो आणि प्यादं पुढे सरकतं. ए७ हे घर राजासाठी रिकामं ठेवणं, सगळी गंमत यातच आहे. पांढऱ्याने खेळलं काय? प्यादं ए७! वजीर एका घरावर आला म्हणून हात शिवशिवले असणार, पण राजाची लपायची जागा त्याच प्याद्याने अडवली. पुन्हा बरोबरी.

आता काळ्याने राजा फक्त जी७ आणि एच७ या दोन घरांतच नाचवायचा. पण "एंडगेममध्ये राजा मध्याकडे आणा" हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की त्याने खेळलं राजा एफ७. याला उत्तर हत्ती एच८! काळ्याने ए७ मारलं तर एच७ वर शह आणि त्याच रांगेतला हत्ती गेला. न मारावं तर प्याद्याचा वजीर. पण पांढऱ्याने राजा बी६ खेळला, काळ्याने बी१ वर शह दिला आणि दोघांनी हात मिळवले.

इथपर्यंत मी इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) न लावता पटावर पोचलो होतो, आणि इथेच थांबणार होतो. सहज म्हणून शेवटची स्थिती टेबलबेसमध्ये, म्हणजे मोजक्या सोंगट्यांच्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल साठवलेल्या संगणकी संग्रहात, टाकली. उत्तर : पांढरा जिंकतो! टेबलबेस कारण सांगत नाही, ते शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. काळा राजा अजून एफ७ वरच आहे ना! पांढरा राजा शह चुकवत खाली उतरतो : सी५, बी४, सी३, बी२. आता सी१ वरचा काळा हत्ती थेट राजाच्या माऱ्यात आणि शह संपलेले. तो सी७ वर गेला तरी पांढरा हत्ती एच८, म्हणजे तोच सापळा. मध्येच काळा हत्ती ए१ वर परतला तरी पांढरा हत्ती एच८. म्हणजे हस्तांदोलन झालं ते जिंकलेल्या डावात.

दोघांना हसू नये. लंडनला २०१८ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत पहिलाच डाव ११५ चालींनंतर बरोबरीत सुटला होता, आणि तेव्हाचा विश्वविजेता कार्लसनने त्यात जिंकायची संधी सोडली होती. तोही शेवटी हत्तींचाच एंडगेम होता.

पुढच्या बैठकीत आमच्या डावातल्या त्याच पाच सोंगट्यांच्या स्थितीत मी काळ्या बाजूने बसणार आहे. पांढरा राजा एफ३ ऐवजी ई४ किंवा डी५ वर असेल तर वान्चुराची बरोबरी कुठवर टिकते, हे आधी हाताने काढायचंय. टेबलबेस त्यानंतर.